गादीवरचा काटा

मित्रांनो, माझ्यावर पाय ठेवला की जवळजवळ प्रत्येक माणूस श्वास रोखून धरतो. का, ते मला आजवर कळलेले नाही. श्वासाला वजन असते की काय? आणि असले, तर तो आत कोंडून माणूस हलका कसा होणार? उलट भारीच व्हायला हवा. कित्येक वर्षे मी या प्रश्नाचा विचार करतो आहे. विचाराला मला वेळही भरपूर मिळतो, कारण एक माणूस उतरून दुसरा चढेपर्यंतचा सगळा वेळ माझाच असतो.

मी एक जुना वजनकाटा. किराणा दुकानातला तराजू नव्हे, किंवा लाल आकडे चमकवणारा चपटा विजेचा काटाही नव्हे. माझी बांधणी उभी आहे. खाली चार लहान चाकांवर लोखंडी फळी, मागे माणसाच्या छातीएवढा खांब आणि वर आडवी पितळी दांडी. दांडीवर दोन ठोकळे सरकतात. मोठा ठोकळा दहा-दहा किलोंच्या खाचांत बसतो आणि छोटा उरलेल्या किलोंवरून, ग्रॅमांवरून मुंगीच्या पावलाने पुढे जातो. दोघांनी मिळून माणसाशी बरोबरी साधली, की दांडीचे टोक आपल्या चौकटीत अधांतरी तरंगू लागते. ते तरंगणे हेच माझे बोलणे. एरवी मला वाचा नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. जाड भिंगांचा चष्मा लावणारे एक कारागीर माझ्यापुढे दोन दिवस बसून होते. ते शिशाचा बारीक तुकडा लावत, कानस फिरवत, पुन्हा तोलून पाहत आणि माझ्याशीच बोलत. "अजून दोन ग्रॅम लबाड आहेस," ते म्हणत. शेवटी दांडी स्थिर झाली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "झालास शहाणा." आयुष्यात मिळालेली ती माझी पहिली पदवी. ती टिकवणे सर्वस्वी आपल्या हातात असते, असे मला तेव्हा वाटत होते.

तिथून मी एका माध्यमिक शाळेत आलो. प्रयोगशाळेच्या मागे मोडक्या बाकांची एक लांबट खोली होती. त्याच सुमारास शाळेत एक तरुण शिक्षक लागले होते. त्यांची नेमणूक इतिहास शिकवण्यासाठी झाली होती, पण जीव सगळा कुस्तीत. त्यांनी मुख्याध्यापकांच्या मागे लागून ती खोली रिकामी करून घेतली, स्वतः झाडली, खाली एक पातळशी गादी अंथरली, आणि दाराजवळच्या उघड्या फरशीवर मला उभे केले. पहिल्या दिवशी बारा मुले रांगेत उभी होती. मुलांना चढवण्याआधी सरांनी स्वतःचे बूट काढले आणि ते माझ्यावर उभे राहिले.

"आधी मास्तर, मग पोरं," ते म्हणाले. "वाच रे, किती भरलो?"

भरलो! मित्रांनो, हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकला. आपल्या भाषेत वजन नुसते होत नाही, ते भरते. घागर भरते, शाळा भरते, डोळे भरतात आणि माझ्यावर माणूसही भरतो. एखादा पोरगा "मी बेचाळीस भरलो" म्हणाला, की मला वाटे, हा आता काठोकाठ आहे, जरा धक्का लागला तर सांडेल. शब्दांविषयीचे असे पुष्कळ कुतूहल मला सरांमुळे लागले. मुख्याध्यापक म्हणत, सरांच्या शब्दाला वजन आहे. सर माझ्यावर उभे राहून बोलत तेव्हा मी मुद्दाम लक्ष देत असे. दांडी तसूभरही हलत नसे. हे वजन लोक कशावर करतात, याचा शोध मला लागला नाही.

कुस्तीत वजनाला एवढे महत्त्व का, हेही सांगायला हवे. कुस्तीत वजनाचे गट असतात. पंचेचाळीस किलोंच्या गटातला पंचेचाळीसच्या आतच भरला पाहिजे. शंभर ग्रॅम वर गेला, तरी त्याला त्या दिवशी गादीवर पाऊल ठेवता येत नाही. त्यामुळे स्पर्धा जवळ आली की मुले वजन उतरवू लागतात, आणि उतरवण्याच्या घाईत कधी कधी भान सुटते.

सरांचेही एकदा सुटले होते. नोकरीचे तिसरे वर्ष, आणि पहिला करंडक हातातोंडाशी आलेला. एका मुलाचे दीड किलो जास्त होते. सरांनी त्याला तीन स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या आणि दिवसभर पाण्याचा थेंब घेऊ दिला नाही. संध्याकाळी तो माझ्यावर चढला. दांडी बरोबर पंचेचाळीसवर तरंगली. सरांनी टाळी वाजवली, मुलगा हसला, आणि माझ्यावरून एकाएकी नाहीसा झाला. दांडी खाडकन खाली आपटली. तो फरशीवर पडला होता. ओठ पांढरे, डोळे अर्धवट उघडे.

तीन दिवसांनी तो दवाखान्यातून घरी आला आणि पुढे चांगला धडधाकट झाला. पण सर बदलले. त्यांनी नियम केला की वजन उतरवायचे ते आठ आठवड्यांत, आठवड्याला फार तर अर्धा किलो. पाणी तोडायचे नाही. दर सोमवारी सकाळी काट्यावर चढायचे, आणि सगळ्यांत आधी सरांनी चढायचे. कोण किती भरला हे त्यांना तोंडपाठ असे. वर्गातल्या मुलांची नावे ते विसरत, वजने विसरत नसत. "ए सदतीस किलो, मागे बोलू नकोस," असे ते इतिहासाच्या तासालाही म्हणत, असे मुलेच सांगत.

त्या दिवसापासून सरांचा माझ्यावरचा विश्वास इतका वाढला, की मला कधी कधी त्याचेच ओझे वाटे.

सोळा वर्षांनी सरांना कॉलेजात क्रीडाशिक्षकाची जागा मिळाली. शाळेने तेव्हा विजेचा काटा आणला होता. निरोपाच्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, "शाल देऊ, की हा म्हातारा नेता बरोबर?" सरांनी म्हातारा निवडला. टेम्पोत माझ्या खांबाला धरून ते सगळी वाट उभे राहिले.

कॉलेजातला सभागृहासारखा मोठा हॉल, मिशा फुटलेले पैलवान, भिंतीवर वाढत जाणारे संघांचे फोटो ही माझी भरभराटीची वर्षे. मला दाराजवळच्या फरशीवर मानाची जागा होती. हॉल झाडणाऱ्या मावशी आपल्या पदराने माझी दांडी पुसत आणि म्हणत, "तू बरा रे बाबा. सगळ्यांचं बघतोस आणि कुणाला काही बोलत नाहीस." वर्षातून एकदा वजनमापाच्या कचेरीतले गृहस्थ पितळी वजनांची पेटी घेऊन येत. "बाहेर घ्या, उजेडात," असे म्हणून ते मला व्हरांड्यात ओढत, माझी परीक्षा घेत आणि शिक्का मारून जात. मी एकदाही नापास झालो नाही.

मग नवी गादी आली.

सरांनी तिच्यासाठी अकरा वर्षे अर्ज केले होते. ती जाड होती, मऊ होती आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत होती. फरशी कुठेच उरली नाही. सर मोज्यांनी तिच्यावरून इकडून तिकडे चालत गेले, आणि कोणी बघत नाही असे वाटून त्यांनी एक कोलांटी उडीही मारली. नंतर त्यांना व्हरांड्यात ठेवलेला मी दिसलो. त्यांनी मला मिठीत घेऊन उचलले आणि गादीच्या कोपऱ्यावर ठेवले.

"या म्हातारबा! आम्हाला गादी, मग तुम्हाला का नको?"

सगळे हसले. मित्रांनो, मीही मनातून सुखावलो. गादी मिळणे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले. पायाखाली काहीतरी दयाळू होते. इतकी वर्षे मी टणक फरशीवर उभा होतो, आणि आता कोणीतरी मला खालून अलगद धरले होते.

त्या दयाळूपणातच घोटाळा होता. माणूस माझ्यावर चढला, की माझी चाके गादीत रुतत आणि फळीची खालची कड गादीला टेके. मग त्या माणसाचा थोडासा भार गादी परस्पर उचलून घेई. तेवढा भार माझ्यापर्यंत पोचतच नसे, आणि जो पोचे तेवढाच मी प्रामाणिकपणे सांगे. पहिल्याच सोमवारी सर सव्वा किलोने कमी भरले. मी चकित झालो. सर मात्र खूश झाले.

"बायको शिवणकाम करते," ते मुलांना म्हणाले. "परवा माझ्या पँटचं माप घेताना म्हणाली, 'अहो, कंबर इंचभर वाढलीय.' म्हटलं, सोमवारी काट्याला विचारतो. बघा! घरी गेल्यावर सांगतो, तुझी टेपच आटलीय."

"काकूंना सांगून बघा सर," एक जण म्हणाला, "मग जेवण कुठे करताय ते आम्हाला कळवा."

हा बोलणारा संघातला सर्वांत वजनदार पैलवान. त्याला सगळे पिंप म्हणत. हॉल हसण्याने भरला. काटा आणि टेप यांच्यात कोण खरे, असा प्रश्न कोणालाच पडला नाही. महिनाभरापूर्वीच वजनमापवाले गृहस्थ माझी परीक्षा घेऊन गेले होते. अर्थात व्हरांड्यात, फरशीवर.

संघात त्या वर्षी मुंगळा नावाचा एक पोरगा होता. खरे नाव काही वेगळे, पण एकदा त्याने समोरच्याचा पाय धरला की तो मुंगळ्यासारखा सुटत नसे. तो हॉल झाडणाऱ्या मावशींचा मुलगा. कॉलेजच्या मागच्या कर्मचाऱ्यांच्या चाळीत दोघे राहत. साठ किलोंचा मुंगळा सत्तावन्नच्या गटात उतरणार होता. त्या गटात जो पहिला येईल त्याची मोठ्या शिबिरासाठी निवड व्हायची होती, आणि वयाच्या अटीमुळे मुंगळ्यासाठी ही शेवटचीच संधी होती. पुढच्या वर्षी ते दार बंद होणार होते.

आठ आठवडे तो दर सोमवारी माझ्यावर चढला. साठ होता, तो एकोणसाठवर आला, मग अठ्ठावन्नवर. इतरांना गटात भरपूर मोकळीक होती, त्यामुळे त्यांचे किलोभर इकडेतिकडे झाले तरी बिघडत नव्हते. काठावर होता तो एकटा मुंगळा. स्पर्धेच्या दिवशी सकाळी साडेसहाला तो शेवटचा चढला. दांडी छप्पन्न किलो नऊशे ग्रॅमवर तरंगली.

"शंभर ग्रॅम हातचे राखून!" सर म्हणाले. "आता तिथे वजन होईपर्यंत तोंडाला कुलूप."

"लावलं, सर," मुंगळा ओठ मिटूनच म्हणाला.

दुपार सरताना बस परत आली. मी दाराकडे बघत होतो. आधी पिंप आत आला, मान खाली घालून. मागून बाकीचे आले, मग मुंगळा आणि सर्वांत शेवटी सर. व्हरांडा पुसणाऱ्या मावशींनी विचारले, "काय झालं?"

सरांनी सगळ्यांना गादीवर बसवले. मुंगळा उभा राहिला.

"साडेसहाला इथं छप्पन्न नऊशे," सर म्हणाले. "साडेआठला तिथं सत्तावन्न आठशे. दोन तासांत नऊशे ग्रॅम आले कुठून?"

"मला नाही माहीत, सर."

"पाणी प्यालास?"

"नाही."

"काही खाल्लंस?"

"नाही सर. आईशप्पथ."

"सर," पिंप हळूच म्हणाला, "तिथला काटाच गंडलेला असेल."

"सात कॉलेजांची पोरं त्याच काट्यावर भरली. एकानं तक्रार केली नाही. आणि आपल्या काट्यावर यंदाचाच शिक्का आहे." सरांनी माझ्या खांबावर हात ठेवला. "हा तीस वर्षांहून जास्त माझ्याबरोबर आहे. काटा खोटं बोलत नाही, मुंगळ्या. माणसं बोलतात."

मावशी फडके तसेच हातात घेऊन दारात आल्या होत्या.

"सर, आठ आठवडे मी त्याला अर्धं ताट वाढलंय. वाढताना माझाच हात अडायचा. आणि तुम्ही म्हणता, त्यानं चोरून खाल्लं?"

"मावशी, तुमचा आईचा जीव आहे. निघताना एखादा घास..."

"माझ्यावर घालू नका, सर."

मित्रांनो, त्या क्षणी मला सारे उमगले. सरांचा उतरलेला सव्वा किलो, मुंगळ्याचे नऊशे ग्रॅम, पायाखालचा तो मऊ दयाळूपणा. मला ओरडावेसे वाटले. पण मी तोंड उघडण्याआधी कोणीतरी माझ्यावर उभे राहावे लागते, आणि उभे राहिल्यावरही मी एकच गोष्ट सांगू शकतो. "मी चुकीच्या जागी आहे" हे वाक्य माझ्या दांडीवर कोणी कोरलेलेच नाही.

"सर, आत्ता चढून दाखवू?" मुंगळा म्हणाला.

"आत्ता चढून काय उपयोग? सकाळ आता कुठं सापडणार?"

मुंगळ्याने पायातले कुस्तीचे बूट काढले, जोडी नीट जुळवून माझ्या शेजारी ठेवली आणि तो अनवाणी निघून गेला.

त्यानंतर दोन महिने तो हॉलमध्ये आला नाही. वर्गात जातो, मागच्या बाकावर बसतो, कोणाशी बोलत नाही, एवढे मुलांच्या बोलण्यातून कळे. मावशी कामावर येत. पण त्या सरांशी बोलत नसत, आणि माझ्याशीही. गादी पुसताना माझ्याभोवतीचा तेवढा गोल सोडून पुसत. माझ्या दांडीवर धूळ बसली. सर ती धूळ बोटाने निपटून वजने घेत आणि आकडा मोठ्याने वाचत, पण त्यांच्या आवाजातला उत्साह गेला होता. विश्वास होता तेवढाच होता. दुःखी माणसाचा विश्वास जास्तच चिवट होतो का, याविषयी मला अजून कुतूहल आहे.

मग एक सोमवार उजाडला. गादी औषधाच्या पाण्याने पुसायची होती, म्हणून मावशींनी मला ढकलत व्हरांड्यात आणून सोडले. सर आले. सवयीने बूट काढले आणि मी होतो तिथेच माझ्यावर चढले. दांडी चौऱ्याहत्तर सहाशेवर तरंगली.

सर खाली उतरले. पुन्हा चढले. पुन्हा चौऱ्याहत्तर सहाशे.

"मावशी, हा काटा हलवलात का?"

"हलवला." दोन महिन्यांतला त्यांचा सरांशी पहिला शब्द. "का? तोही तुम्हाला विचारून हलवायचा?"

"आपटला का कुठं? मागच्या सोमवारी मी त्र्याहत्तर चारशे होतो."

"चाकांवरनं ढकलत आणलाय. उचलायला माझ्या पाठीत जोर नाही."

सरांनी मला उचलून आत गादीवर ठेवले आणि चढले. त्र्याहत्तर चारशे. बाहेर आणले. चौऱ्याहत्तर सहाशे. आत. बाहेर. पुन्हा आत. त्यांचे कपाळ घामाने भिजले. तिसऱ्या खेपेला ते गादीवर पालथे झोपले आणि गाल टेकवून माझ्या फळीखाली बघू लागले.

"सर, बरं वाटत नाही का?" मावशींनी विचारले.

"मावशी, जरा चढता? इथं. आणि मग बाहेर."

"मी कशाला?"

"चढा हो. हात जोडतो."

मावशी पदर खोचून चढल्या. आत एकसष्ट भरल्या, बाहेर बासष्ट. त्यांनी ठोकळ्याकडे पाहिले, गादीकडे पाहिले, सरांकडे पाहिले. त्या शिकलेल्या नव्हत्या, पण उमजायला त्यांना सरांच्या निम्मासुद्धा वेळ लागला नाही. त्या माझ्यावरून सावकाश उतरल्या.

"म्हणजे माझा पोरगा?" त्या म्हणाल्या.

सर दांडीचे ठोकळे शून्यावर आणत म्हणाले, "त्याला बोलवाल का?"

"मी नाही बोलवणार. सगळ्यांसमोर बोललात तुम्ही. तुम्हीच जा. आणि एकटे जाऊ नका, तेव्हा जे जे होते त्यांना घेऊन जा."

मित्रांनो, पुढची अर्ध्या फर्लांगाची वाट मी सरांच्या खांद्यावरून पाहिली. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, खांद्यावर लोखंडी काटा, काखेत गादीचा उरलेला एक तुकडा. मागून सगळा संघ. वाटेतली मुले सायकली थांबवून बघत होती.

"सर, द्या, मी घेतो," पिंप म्हणाला.

"नको. गादीवर मीच ठेवला होता ना, मग आता मीच वाहतो."

चाळीच्या अंगणात मुंगळा दोरीवर कपडे वाळत घालत होता. एवढी माणसे पाहून त्याने हातातली चादर छातीशी धरली. सरांनी मला खाली ठेवले. दम लागला होता, तरी ते बसले नाहीत. गादीचा तुकडा अंथरून त्यावर मला ठेवले, चढले, आकडा मोठ्याने वाचला. मग फरशीवर ठेवून चढले, आकडा वाचला. पिंपालाही चढवले. तो गादीवर दोन किलोंनी उतरला.

"सर, मला गादीवरच राहू द्या," तो म्हणाला. "तिथंच मी जरा बरा दिसतो."

कोणी हसले नाही, मग तो उतरून मागे जाऊन उभा राहिला.

"तू पाणी प्याला नव्हतास," सर मुंगळ्याला म्हणाले. "खाल्लंही नव्हतंस. काटा मी चुकीच्या जागी ठेवला आणि खोटा तुला ठरवलं. ह्या सगळ्यांच्या समोर बोललो होतो, म्हणून ह्या सगळ्यांच्या समोर सांगतो. चूक माझी. तुझी निवड मला परत आणून देता येणार नाही."

मुंगळा चादरीचा पीळ सोडवत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "सर, मलाच खरं वाटायला लागलं होतं. सगळे म्हणतात, काटा म्हणतो, म्हणजे मी झोपेत उठून पाणी प्यालो असेन. आईला रोज विचारायचो, रात्री मी उठलो होतो का गं?"

मावशींनी तोंड फिरवले. मी लोखंडाचा आहे, मित्रांनो, तरी त्या वाक्याचा भार माझ्या दांडीला सोसला नसता.

"एक विचारू, सर?" मुंगळा म्हणाला. "काटा बरोबर असता, आणि मी खरंच पाणी प्यालो असतो, तर?"

"तर काय?"

"तर ते बोललात ते बरोबर झालं असतं?"

सर माझ्या फळीच्या कडेवर टेकून बसले. मला त्यांचे निम्मेच वजन जाणवले. उरलेले त्यांच्या पायांवर होते.

"नाही," ते म्हणाले. "तहानलेला पोरगा पाणी प्याला, एवढंच झालं असतं. तरीही तसं बोलायला नको होतं."

मुंगळ्याने चादर दोरीवर टाकली, दोन्ही टोके ओढून सारखी केली. "मग मी सोमवारी येतो," तो म्हणाला. "पण सत्तावन्नमध्ये नाही. एकसष्टमध्ये खेळणार. आणि तहान लागली की पाणी पिणार."

"पी," सर म्हणाले. "जेवढं पाहिजे तेवढं पी."

मावशी घरात गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या. आधी तो त्यांनी सरांपुढे केला. सरांनी तो मुंगळ्याकडे वळवला.

मुंगळा त्या वर्षी एकसष्टच्या गटात एक खुली स्पर्धा खेळला आणि दुसऱ्या फेरीत दोन गुणांनी हरला. शिबिराची संधी गेली ती गेलीच. गेलेली गोष्ट परत येत नाही, हे मी लपवणार नाही. मात्र तो हरून आला त्या दिवशी हॉलमध्ये गाणे गुणगुणत होता, आणि पिंपाने त्याला उचलून दोन गिरक्या दिल्या, हेही मी पाहिले आहे.

निवृत्त होण्यापूर्वी सरांनी एक काम केले. व्हरांड्यातल्या फरशीला चार भोके पाडून त्यांनी मला बोल्टांनी जखडून टाकले. आता मला कोणी प्रेमाने उचलून भलत्या जागी ठेवू शकत नाही. आत विजेचा काटा आला आहे. माझ्याकडे क्वचितच कोणी फिरकते. उन्हाने माझा रंग उडाला, फळीच्या कडेला गंज चढू लागला आहे. सर कधीमधी येतात, खिशातून तेलाची बाटली काढतात, दांडीच्या सांध्यात दोन थेंब सोडतात आणि न चढता निघून जातात.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना अधूनमधून पुसा, तेलपाणी करा, त्यांची परीक्षा घ्या. पण परीक्षा तिथे घ्या, जिथे त्या रोज काम करतात. नुसती उजेडाची जागा पाहून घेऊ नका. आणि आमच्या भरवशावर कोणाला खोटे ठरवायची वेळ आली, तर बोट उचलण्याआधी एकदा गुडघे टेकून, गाल जमिनीला लावून आमच्या पायाखाली बघा. तिथे काहीच चुकीचे सापडले नाही, तरी तसेच एकदम उठू नका. ज्याला खोटा म्हणणार आहात, त्याला आधी विचारा, की बाबा, तुला तहान लागली होती का?